कलमकारी पॅनेलभोवतीचं क्विल्ट: ब्लॉकच्या आधी पट्टी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मछलीपट्टणमहून आणलेलं कलमकारीचं पॅनेल, म्हणजे एकच मोठं चित्र असलेलं कापड आहे, मधोमध जीवनवृक्ष, दुकानात सांगितलेलं माप ३६ बाय ५४ इंच. त्याभोवती क्वीन पलंगासाठी क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं गोधडीसारखं पांघरूण करायचं आहे. ईक्यू८ हे क्विल्ट आखायचं सॉफ्टवेअर घेतलंत आणि पॅनेलचा फोटो आत आणलात, तर एका झाडाऐवजी त्याच चौकोनात चिमुकल्या झाडांच्या रांगा दिसल्या. कडेने ब्लॉक, म्हणजे तुकड्यांच्या नक्षीचे चौकोन लावले, ते पडद्यावर नीट बसले, पण कापायच्या तक्त्यात भलतेच आकडे आले. चुकलं कुठे?

झाडांच्या रांगांचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. तुम्ही फोटो 'फॅब्रिक' म्हणून आत घेतलात. फॅब्रिक म्हटलं की सॉफ्टवेअर त्या चित्राला छापील कापडाचा एक तुकडा समजतं आणि जागा भरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा मांडत जातं. ठिपक्यांच्या किंवा बुट्ट्यांच्या कापडाला हे बरोबरच आहे, पॅनेलला नाही. पॅनेल 'फोटो' म्हणून आत घ्या आणि सेट फोटो या साधनाने मधल्या जागेत ठेवा, म्हणजे ते एकदाच बसेल. फॅब्रिक म्हणूनच हवं असेल तर चित्राचं प्रमाण जुळवावं लागतं. समजा पॅनेल ३४ इंच रुंद दिसणार आहे आणि तुमचं चित्र १०२० पिक्सेल रुंद आहे, तर इंचाला ३० पिक्सेल हे प्रमाण भरा. मग झाड त्याच्या खऱ्या आकारात येतं. बाकीच्या कापडांसाठी हेच करायचं असतं. कापडावर मोजपट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे किती इंच कापड फोटोत आलंय ते कळतं. नाहीतर दोन इंचांची बुट्टी पडद्यावर अर्ध्या इंचाची दिसते आणि तुम्ही त्या भरवशावर तीन मीटर कापड घेऊन येता.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा, कारण पॅनेलच्या क्विल्टचं सगळं मर्म तिथेच आहे. मी हे काम अमेरिकेत असताना शिकले, आता पुण्यात करते आणि शिकवते. शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकजणी पॅनेलपाशीच अडतात. साध्या ब्लॉकच्या क्विल्टमध्ये सगळी मापं आपल्या हातात असतात: सहा इंचांचा ब्लॉक, दहा आडवे, तेरा उभे, झालं. पॅनेलमध्ये एक माप आधीच ठरलेलं असतं, ते आपण ठरवलेलं नसतं, आणि बहुतेकदा ते कशालाच भागलं जात नाही.

म्हणून आधी लॅपटॉप मिटा आणि पॅनेल धुवा. कलमकारी हिरडा, तुरटी आणि वनस्पतींच्या रंगांवर होते. अस्सल असेल तरी पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा रंग सोडतेच, आणि हल्ली त्याच नक्षीचे स्क्रीन प्रिंटही त्याच नावाने विकले जातात, त्यांचा तर नेम नाही. गार पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने एकटं धुवा, पिळू नका, सावलीत वाळत घाला. नंतर पांढरं सुती फडकं ओलं करून लाल आणि काळ्या भागावर दाबून बघा. फडकं रंगलं तर पुन्हा धुवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. त्यावर विसंबू नका, फडकं स्वच्छ राहिलं की मगच पुढे जा. शेवटी उलट्या बाजूने इस्त्री करा आणि हलकी खळ द्या. कडक झालेलं कापड खरं माप दाखवतं.

आता मोजा. रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. माझ्याकडे असंच एक पॅनेल होतं, ३६ बाय ५४ सांगून घेतलेलं. धुतल्यावर त्याची रुंदी वर साडेपस्तीस, मध्ये सव्वापस्तीस आणि खाली जेमतेम पस्तीस भरली. हे काही कारागिराचं चुकलेलं नाही. लाकडी ठसा हाताने एकापुढे एक उमटवत जाताना ओळ किंचित सरकतेच, धुतल्यावर कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने वेगवेगळं आटतं, आणि लांबवर वाळत घातलेलं ओलं कापड ओढलंही जातं. मशीनवर छापलेल्या अमेरिकन पॅनेललाही हा प्रकार चुकत नाही. ३६ बाय ४४ लिहिलेलं पॅनेल कडा काढल्यावर इंच दीड इंच कमी भरलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

सगळ्यांत लहान मापाच्या आत बसेल असा खरा काटकोन चौकोन त्यातून काढायचा. माझ्या पॅनेलमधून साडेचौतीस बाय साडेएकावन्न इंच निघालं. काटकोन झाला की नाही हे बघायला दोन्ही कर्ण मोजा. या मापाला कर्ण ६२ इंच येतो. दोन्ही कर्ण ६२ आले तर चौकोन सरळ. एक साडेएकसष्ट आणि दुसरा साडेबासष्ट आला तर तो समांतरभुज झाला आहे, पुन्हा आखा. आणि आखायचं खडूने, कापायची घाई नको. आखलेली रेघ नक्षीच्या काठातून कुठे जाते ते उजेडात नीट बघा. डावीकडे वेलीचं अख्खं पान राहतंय आणि उजवीकडे अर्धं कापलं जातंय असं झालं तर चौकोन थोडा सरकवा. प्रत्येक बाजूची पाव इंच माया शिवणीत जाणार आहे, म्हणजे शिवल्यावर दिसणार ते ३४ बाय ५१. सॉफ्टवेअरला हेच माप द्यायचं. दुकानातलं नाही, कापलेलंही नाही, शिवून झाल्यावर दिसणारं. ईक्यू८ मधली सगळी मापं शिवल्यानंतरची असतात, माया ते स्वतः धरतं. मायेसकट माप भरलं की अर्धा इंच दोनदा मोजला जातो.

आता तुमच्या तक्त्यातले भलते आकडे कुठून आले ते बघा. समजा माझ्यासारख्या ३४ बाय ५१ च्या पॅनेलला थेट लागून सहा इंचांचे ब्लॉक लावले. वरच्या बाजूला सहा मागितले, तर ३४ भागिले ६ म्हणजे प्रत्येक ब्लॉक पाच पूर्णांक दोन तृतीयांश इंच रुंद. उभ्या बाजूला आठ मागितले, तर ५१ भागिले ८, म्हणजे सहा इंच तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते प्रत्येक ब्लॉक ओढून किंवा दाबून जागेत बसवतं, आणि पडद्यावर इतका बारीक फरक डोळ्याला दिसत नाही. मग कापायचा तक्ता मागितला की सुताच्याही निम्म्यातले आकडे येतात, कारण वरचे ब्लॉक आणि बाजूचे ब्लॉक आता दोन वेगवेगळ्या मापांचे झालेले असतात. रोटरी कटरच्या, म्हणजे गोल पात्याच्या कातणीच्या पट्टीवर पाच पूर्णांक दोन तृतीयांशाची रेघ सापडणार नाही. मी पहिल्या पॅनेलला हेच केलं होतं. चाळीसच्या वर ब्लॉक शिवून झाले तेव्हा एका बाजूला इंचभर कमी आणि दुसरीला जास्त पडलं. तीन रात्री उसवण्यात गेल्या आणि त्रिकोणांच्या तिरप्या कडा इतक्या ओढल्या गेल्या की ते ब्लॉक कामातूनच गेले.

यावर उपाय म्हणजे पॅनेल आणि ब्लॉक यांच्यामधली एक साधी पट्टी. इंग्रजीत तिला कोपिंग स्ट्रिप म्हणतात, मी वर्गात जुळवणीची पट्टी म्हणते. पॅनेलचं अडनिड माप ती पोटात घेते आणि बाहेरच्या बाजूला आपल्याला हवं ते, भागता येणारं माप देते.

पण ही पट्टी किती रुंद ठेवायची? इथे दोन टोकांकडून हिशोब करावा लागतो, आतून पॅनेलचा आणि बाहेरून पलंगाचा. क्वीन पलंगाची गादी आपल्याकडे साधारण ६० बाय ७८ इंच असते. कडेने १२ इंच खाली सोडायचं तर क्विल्ट ८४ बाय १०२. गादीच्या माथ्यावर जे दिसणार ते ६० बाय ७८ च्या आत हवं. नाहीतर ब्लॉकची रांग गादीच्या कडेवर मोडते, अर्धी वर आणि अर्धी लोंबती, आणि एवढं काम करून खोलीत शिरणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही. म्हणून ६० बाय ७८ वरून आत या. तीन इंचांची साधी पट्टी काढली की उरले ५४ बाय ७२. सहा इंचांच्या ब्लॉकची रांग काढली की उरले ४२ बाय ६०. पॅनेल ३४ बाय ५१. मधली जागा भरायची ती जुळवणीच्या पट्टीने: आडवे ८ उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला ४ इंच, आणि उभे ९ उरतात, म्हणजे वर-खाली साडेचार.

बाजूला चार आणि वर साडेचार, हे दिसणार नाही का? नाही दिसणार, कारण पट्टी रुंद आहे. आतली जागा ३६ बाय ५४ धरली असती तरी ती सहाने भागली गेली असती, पण मग पट्टी बाजूला एक इंच आणि वर दीड इंच झाली असती. तिथे तोच अर्धा इंच लगेच डोळ्यांत खुपतो, चौकट वाकडी वाटते. चार आणि साडेचारमध्ये तो हरवून जातो. मी सहसा तीन इंचांपेक्षा अरुंद जुळवणीची पट्टी ठेवत नाही. दोन बाजूंत फारच फरक पडत असेल, म्हणजे दोन आणि पाच वगैरे, तर ब्लॉकचं माप बदलून बघा. पाच किंवा आठ इंचांच्या ब्लॉकने पुष्कळदा गणित सुटतं.

या पट्टीचं कापड कोणतं, यावर सगळ्या क्विल्टचा चेहरा ठरतो, आणि सॉफ्टवेअर मला सगळ्यांत उपयोगी पडतं ते इथे. पॅनेलच्या जमिनीसारखंच फिकट, हिरड्याच्या पिवळसर छटेचं कापड लावलं तर पॅनेल कुठे संपतं ते कळत नाही, झाड मोकळ्या अंगणात उभं राहिल्यासारखं दिसतं आणि ठशांच्या ओळीतला वाकडेपणाही लपतो. गडद लाल किंवा नीळ लावली तर चित्राला चौकट केल्यासारखं होतं, पण मग काठाची वेल एका बाजूला काठाला टेकलेली आणि दुसरीकडे पाऊण इंच आत, हे सगळं उघड पडतं. हाताने छापलेल्या पॅनेलला मी जवळजवळ नेहमी फिकट पट्टीच देते. तरी दोन्ही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक पर्याय प्रोजेक्ट स्केचबुकमध्ये साठवत जा, पुसू नका. रात्री नको वाटलेला पर्याय सकाळी बरा वाटतो.

सॉफ्टवेअरमधली कृती अशी. पॅनेलचा फोटो काढताना ते भिंतीवर सपाट टाचा, दिवसा, फ्लॅशशिवाय. कॅमेरा पॅनेलच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरा आणि लांब उभं राहून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत कडा फुगतात. इमेज वर्कटेबलवर फोटो सरळ करून फक्त दिसणारा भाग ठेवा. आपल्या ३४ बाय ५१ चं प्रमाण दोनास तीन येतं, तेच फोटोला द्या, नाहीतर झाड जाड किंवा उंच होईल. दीड हजार पिक्सेल उंची पुरे, उगाच अवजड फोटो घातला तर संगणक रखडतो. नवीन क्विल्ट उघडताना कस्टम सेट निवडा आणि मधल्या चौकोनाचं माप ३४ बाय ५१ भरा. फोटो तिथे ठेवलात की माऊसने ओढत बसू नका. वरच्या ग्राफ पॅडमध्ये सुरुवात शून्य-शून्य आणि आकार ३४ बाय ५१ असे आकडेच लिहा. मग बॉर्डरच्या पानावर एकेक चौकट वाढवत जा. पहिली जुळवणीची, तिथे चारही बाजू एकदम बदलायची सोय बंद करून डावी-उजवी ४ आणि वर-खाली ४.५ भरा. दुसरी ब्लॉकची, ६ इंच, आडवे ७ आणि उभे १०, कोपऱ्यात चौकोन. तिसरी ३ इंचांची साधी. चौथी १२ इंचांची. कोपऱ्यात दिसणारं एकूण माप ८४ बाय १०२ आलं की समजा कुठे चूक नाही. साडेत्र्याऐंशी आलं तर पुढे जाऊ नका, मागे जाऊन आकडा शोधा.

आता ब्लॉक. सहा हजारांहून अधिक ब्लॉक ईक्यू८ च्या लायब्ररीत आहेत आणि तुम्ही एकात एक चार चांदण्या गुंफलेला निवडला आहे. मोह समजतो, पण पॅनेल स्वतःच इतकं बोलकं आहे, पानं, फुलं, मोर, खोडाची वळणं, की त्याच्या शेजारी दुसरं काही बोलायला लागलं की दोन्ही ऐकू येत नाहीत. पॅनेलला साधी, सरळ रेघांची, दोनच रंगांची सोबत हवी. शिवाय चांदणी आणि मोकळा चौकोन एकाआड एक लावायचं तुमच्या मनात दिसतंय, त्यात एक फसगत आहे. कोपऱ्यांसकट वरची रांग ९ ब्लॉकची होते, बाजूची १२ ची. वरच्या डाव्या कोपऱ्यात चांदणी ठेवून निघालात तर उजव्या कोपऱ्यातही चांदणीच येते, पण खाली बाराव्या जागी मोकळा चौकोन येतो. वरचे दोन कोपरे एक आणि खालचे दोन दुसरेच. एकाआड एक मांडायचं तर कोपऱ्यांमधली संख्या दोन्ही बाजूंना विषम हवी.

माझी सूचना फ्लाइंग गीजची आहे, म्हणजे उडत्या हंसांच्या रांगेची. एक त्रिकोण, दोन बाजूंच्या फिकट कोपऱ्यांसकट, ३ बाय ६ इंच, दोन मिळून सहाचा ब्लॉक. ४२ इंचांत १४ त्रिकोण बसतात, ६० इंचांत २०. चारही बाजू मिळून ६८ आणि कोपऱ्याचे चार चौकोन. १४ ही सम संख्या असल्यामुळे बरोबर मध्यावर दिशा उलटवता येते, आणि जीवनवृक्षाला याच्याइतकं शोभणारं मला दुसरं काही माहीत नाही: खाली बुंध्याच्या मध्यापासून सात त्रिकोण डावीकडे आणि सात उजवीकडे निघतात, कोपऱ्यावरून वळून दोन्ही बाजूंनी वीस-वीस वर चढतात, आणि वर शेंड्याच्या मध्यावर एकमेकांना भेटतात. मुळापासून शेंड्याकडे. ईक्यूमध्ये यासाठी तीन ब्लॉक काढावे लागतील, एक दोन्ही त्रिकोण एकाच दिशेचा, एक समोरासमोरचा (वरच्या मध्यासाठी) आणि एक पाठीला पाठ लावलेला (खालच्या मध्यासाठी). कारण वरच्या आणि खालच्या रांगेत ७ ब्लॉक आहेत आणि मधल्या ब्लॉकच्या पोटातच दिशा बदलते. एका रांगेत तोच ब्लॉक सगळीकडे भरायला कंट्रोल दाबून क्लिक करा (मॅकवर कमांड), मग मधला बदला आणि बाजूचे फिरवा.

या त्रिकोणांसाठी कापड वाया न घालवणारी रीत अशी: गडद कापडाचा सव्वासात इंचांचा एक चौकोन आणि फिकट कापडाचे चाराला एक सूत कमी, असे चार चौकोन घेतले की त्यातून चार त्रिकोण तयार होतात. ६८ साठी १७ मोठे आणि ६८ छोटे चौकोन. ४४ इंच पन्ह्यातून काठ सोडून ४२ वापरता येतात असं धरलं तर मोठ्यांना चार पट्ट्या, म्हणजे २९ इंच. छोट्यांना सात पट्ट्या, साधारण सव्वासत्तावीस इंच. दोन्ही कापडं एकेक मीटर घ्या, चार ब्लॉक बिघडले तरी पुरेल.

कापडाच्या अंदाजाबद्दल सांगायलाच हवं. इंचांत काम केलं की सॉफ्टवेअर वारात सांगतं, आपली दुकानं मीटरने देतात. एक वार म्हणजे ३६ इंच, ०.९१४४ मीटर. आणि कापडाचा पन्हा किती धरायचा ते आपण भरायचं असतं, तुमच्या कापडाचा पन्हा मोजून भरा. बाहेरच्या १२ इंची पट्टीचा निर्णय मात्र तुमचा तुम्हीच करा. कापडाच्या पन्ह्यातून आडव्या पट्ट्या कापून जोडल्या तर आठ पट्ट्या लागतात, साधारण २.६ मीटर, पण प्रत्येक बाजूला एक-दोन जोड येतात. ताण्याच्या दिशेने लांब कापलं तर जोड नाही, पट्टी ओढलीही जात नाही, पण सव्वाचार मीटर कापड लागतं. साध्या मंगलगिरी सुती कापडावर जोड फार दिसतो, तिथे मी जास्त कापड घेते. बारीक नक्षीचं कापड असेल तर जोड लपतो, तिथे वाचवा. अस्तर क्विल्टपेक्षा चारही बाजूंनी चार इंच मोठं, म्हणजे ९२ बाय ११०. जोड आडवे घातले तर ९२ इंचांचे तीन तुकडे, सात मीटर आणि थोडं वर. उभे घातले तर ११० चे तीन, जवळजवळ साडेआठ मीटर. दीड मीटर फक्त जोडाची दिशा बदलून वाचतं. कडा बंद करणाऱ्या गोटासाठी अडीच इंचांच्या दहा पट्ट्या, पाऊण मीटर.

रंग पडद्यावर बघून ठरवू नका. पडदा उजेड मागून फेकतो, कापड अंगावरून. पण गडद-फिकटपणा पडद्यावर नीट कळतो. क्विल्टच्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोनमध्ये कृष्णधवल करा. त्रिकोण आणि त्यांची जमीन एकाच करड्या रंगाची दिसली तर हंसांची रांग दिसणारच नाही, रंग कितीही वेगळे असोत. मंजिष्ठेचा लाल आणि नीळ यांच्याबाबत हे हमखास होतं.

छापताना एक सांभाळा. ईक्यूमधून टेम्प्लेट किंवा कागदावर शिवायचे नमुने काढताना प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' असा पर्याय बऱ्याचदा आपोआप निवडलेला असतो. तो काढून शंभर टक्के करा. अमेरिकन कागदाचं माप आणि आपला ए४ वेगळा असल्यामुळे प्रिंटर गुपचूप आकार कमी करतो. सहाचा ब्लॉक पावणेसहाच्या आसपास उतरतो, आणि ते लक्षात येतं ते सगळं कापून झाल्यावर. आधी एकच पान काढून त्यावरची रेघ पट्टीने मोजा.

प्रत्यक्ष शिवताना जुळवणीच्या पट्ट्या नेमक्या मापाच्या कापू नका. बाजूच्या पाच इंच आणि वर-खालच्या साडेपाच इंच रुंद कापा, पॅनेलला जोडा, इस्त्री करा, आणि मग सगळं मिळून साडेबेचाळीस बाय साडेसाठ इंचांचं कापून काढा. हातून झालेली सगळी उन्नीस-बीस त्या वरच्या कापडात निघून जाते. आधी मोजून कापलेली पट्टी हे करू शकत नाही. पॅनेलचा मध्य आणि चौकटीचा मध्य जुळतो का ते कापण्याआधी दुमडून बघा, झाडाचं खोड मध्यावर आलं पाहिजे.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की पॅनेल मध्ये ठेवून भोवती चौकटी लावणं फार जुनाट दिसेल का. जुनं आहे खरं, आणि तुमच्या पॅनेलचं तर ते माहेरच आहे. सतराव्या-अठराव्या शतकात याच कोरोमंडल किनाऱ्यावरून जीवनवृक्षाची मोठी कापडं इंग्लंडला, हॉलंडला आणि पुढे अमेरिकेला जात. इंग्रज त्यांना पॅलमपोर म्हणत, आणि तो शब्द म्हणजे आपला पलंगपोसच. चिंट्झ हा शब्दही आपल्या छिटावरून गेलेला. ही कापडं इतकी खपू लागली की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०१ आणि १७२१ च्या कायद्यांनी त्यांवर बंदी घातली. तिथल्या बायका ते महाग कापड मध्ये ठेवून भोवती चौकटी शिवत. पुढे तिकडचे छपाईवाले खास क्विल्टच्या मध्यासाठीच चौकोन छापू लागले: फिलाडेल्फियात जॉन ह्यूसन, आणि इंग्लंडमध्ये राजा तिसऱ्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाची १८१० ची पॅनेलं. हल्ली दुकानात मिळणारं पॅनेल त्याच परंपरेतलं. तेव्हा मांडणी बदलू नका. बाहेरच्या १२ इंची साध्या काठावर गोधडीसारखा जाड सुताचा धावदोरा घाला, एकात एक चौकटींनी, बोटभर अंतरावर. पॅनेलवर मात्र दाट शिवण नको, खोडाच्या आणि मोठ्या पानांच्या कडेने फिरवलं की झाड उठून येतं.

तुमचं पॅनेल धुऊन झालं की आकडे माझ्यापेक्षा वेगळे येतील. हिशोब बदलत नाही. शिवल्यावर साडेचौतीस बाय ५२ दिसणार असेल तर पट्टी बाजूला पावणेचार आणि वर-खाली चार. ३३ बाय ५२ असेल तर साडेचार आणि चार. बाहेरचे ४२ बाय ६० तेच राहतात, त्यामुळे त्रिकोण, तीन इंची पट्टी आणि काठ या सगळ्यांचं कापड तुम्ही आजही कापायला घेऊ शकता. जुळवणीच्या पट्टीचं कापड तेवढं पॅनेल वाळल्यावर, ते सोबत घेऊन दुकानात जाऊन निवडा.